एका उताराची बखर

आमच्या पिंपळगाव रेणुकाईला परका माणूस आला, तर तो दोनच कारणांसाठी आलेला असतो. एक रेणुकाईच्या दर्शनाला, नाही तर मिरचीच्या बाजाराला. हंगामात संध्याकाळी बाजारात पाऊल टाकावे, तर हिरव्या मिरचीचे ढीगच्या ढीग लागलेले असतात, तोलाई-हमालीचा गलबला चाललेला असतो आणि मालमोटारी उत्तरेकडे तोंड करून उभ्या असतात. आमच्या गावाला तिखट ठाऊक, ऊन ठाऊक, दुष्काळ तर चांगलाच ठाऊक. बर्फ मात्र आम्ही पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, पोत्यात गुंडाळलेला आणि भुसा चिकटलेला.

गल्लीतला एक मुलगा फौजेत आहे. माझाच विद्यार्थी. गेल्या दिवाळीला सुटीवर आला, तेव्हा फराळाला घरी आला होता. ओट्यावर बसून त्याने मुलांना मोबाइलवर चित्रे दाखवली. पांढराशुभ्र डोंगर, आणि पायांना लांब पट्ट्या बांधून त्यावरून वाऱ्यासारखी खाली येणारी माणसे. त्यांत तो स्वतःही होता म्हणे; पण सगळेच चष्मे आणि टोप्या घातलेले, त्यामुळे आम्ही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. माझा नातू चकली हातात धरून बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, "आबा, एवढी मोठी घसरगुंडी बांधली कुणी?"

फौजी हसला. म्हणाला, "बाळा, ती कुणी बांधलेली नाही. ती होतीच. कुठून घसरायचे आणि कुठून नाही, एवढेच कळावे लागते." मग माझ्याकडे वळून, "खरे ना गुरुजी?"

मी इतिहास शिकवून निवृत्त झालेला मनुष्य. हो म्हणून गप्प बसणे माझ्या जातीत नाही. त्या डोंगराचे नाव अफरवट, पायथ्याशी वसलेले गाव गुलमर्ग. त्या एका उताराचा इतिहास मी त्यानंतर वर्षभर गोळा करीत बसलो. तो येथे सांगतो.

प्रथम 'उतार' या शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे. आपल्या मराठीत तो मोठा सोयीचा शब्द आहे. डोंगराची घसरती बाजू तोही उतार, आणि नदीतून पायी पलीकडे जाता येईल अशी जागा तोही उतारच. आमच्या भागाच्या नशिबात हा दुसरा उतार फार महाग पडला. भोकरदनच्या बाजूने केळना आणि जुई या दोन नद्या वाहतात. त्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि भोसले यांच्या फौजा तेथे उभ्या होत्या, आणि आर्थर वेलस्ली थोड्या सैन्यानिशी केळनेच्या अलीकडे येऊन थडकला होता. वाटाड्यांनी त्याला सांगितले, येथे उतार नाही. वेलस्लीने पाहिले, की नदीच्या दोन्ही काठांवर एक एक गाव समोरासमोर वसले आहे. एक पिंपळगाव, एक वरूड. (मराठवाड्यात पिंपळगावांना तोटा नाही, तेव्हा आमच्या गावकऱ्यांनी हा मान उगीच आपल्याकडे ओढू नये.) समोरासमोरची दोन गावे एकमेकांकडे ये-जा केल्यावाचून राहतील कशी? उतार असलाच पाहिजे. आणि होता. त्या दिवशी त्याची दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. पण लढाई त्याने जिंकली.

ही गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. जमीन वाचता येणे हीही एक विद्या आहे, हे मुलांना पटावे म्हणून. पण तो उतार वेलस्लीने 'शोधला' असे आपण म्हणतो, आणि त्यातून रोज डोक्यावर भारे घेऊन जाणाऱ्या बायांना तो ठाऊकच होता, हे मात्र कोणी लिहीत नाही. गुलमर्गची हकीगतही पुष्कळशी अशीच आहे.

गुलमर्ग म्हटले, की आपल्याकडच्या माणसाला वाटते, कुठला तरी रस्ता असावा. तसे नव्हे. काश्मिरात 'मर्ग' म्हणजे डोंगराच्या कुशीतले गवताळ कुरण. सोनमर्ग, खिलनमर्ग, टंगमर्ग ही सारी त्याच कुळातली नावे. पीर पंजाल पर्वताच्या उत्तर अंगाला, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर, बशीसारखे खोलगट असे हे कुरण आहे. कडेने देवदार-चिडांचे काळेभोर रान. त्याच्या वर खिलनमर्गचे उघडे माळ. आणि त्याही वर अफरवटचा ४,००० मीटरांपलीकडे गेलेला खांदा. हवा निवळ असली, की उत्तरेकडे नंगा पर्वत दिसतो. उन्हाळ्यात येथे गुज्जर आणि बकरवाल आपली जनावरे घेऊन चढतात, आणि थंडी पडू लागली की उतरतात. आमच्याकडचे धनगर वाडे घेऊन फिरतात, तशीच ही रीत. कोणत्या घळीत बर्फ उशिरापर्यंत टिकतो, कोणत्या धारेवरून तो कोसळतो, कोठे चार मेंढरे उभी करावीत आणि कोठे एकही करू नये, याचे ज्ञान त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांनी त्याचा नकाशा काढला नाही, इतकेच.

या कुरणाचे जुने नाव गौरीमर्ग. काश्मीरचा सुलतान यूसुफ शाह चक याने सोळाव्या शतकात ते गुलमर्ग, म्हणजे फुलांचे कुरण, केले असे सांगतात. कवयित्री हब्बा खातून हिचा तो पती, अशी तिकडची परंपरा. बिचाऱ्याला फुले फार दिवस पाहायला मिळाली नाहीत. अकबराने त्याला कैद केले, १५८६ साली काश्मीर मोगलांकडे गेले, आणि यूसुफ शाहची कबर दूर बिहारच्या सपाटीवर झाली. पुढे जहांगीर येथे आला आणि त्याने एकवीस जातींची फुले वेचली, असेही सांगतात. राजे येत ते उन्हाळ्यात. हिवाळ्यात येथे कोणीही येत नसे. चार-पाच महिने ते कुरण बर्फाखाली निजलेले असे आणि जगाला त्याच्याशी काही कर्तव्य नसे.

असईनंतर त्रेचाळीस वर्षांनी, मार्च १८४६ मध्ये, अमृतसरच्या तहाने इंग्रजांनी काश्मीर गुलाबसिंगाला ७५ लाख नानकशाही रुपयांना देऊन टाकले. डोंगर, सरोवरे, कुरणे आणि माणसे, सगळे एकाच खरेदीखतात! पुढे त्याच इंग्रजांना पंजाबचा उन्हाळा सोसेना, तेव्हा ते काश्मिरात हवा खायला जाऊ लागले. पण संस्थानात परक्याला जमीन विकत घेता येत नसे. म्हणून श्रीनगरला साहेब पाण्यावरच्या नौकाघरांत राहिले आणि गुलमर्गला भाड्याच्या लाकडी घरांत. १८८८ साली तेथे नेडू कुटुंबाने हॉटेल काढले. १८९० च्या सुमारास गोल्फ सुरू झाले. टंगमर्गपर्यंत गाडीरस्ता, तेथून वर मात्र तट्टू नाही तर माणसाचा खांदा. मडमा डांडीत बसत आणि चार माणसे ती डांडी उचलून चढण चढत. साहेबाचे सामान, मडमेच्या टोप्यांच्या पेट्या, एवढेच काय पियानोसुद्धा डोंगरावर चढत, ते कोणाच्या तरी पाठीवरूनच. काश्मिरात त्या काळी वेठबिगार किती क्रूर होती, हे स्वतः इंग्रज अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. वेठबिगार आपल्याला नवी नाही, तेव्हा तिचे अधिक वर्णन करीत नाही.

आता या गोष्टीत स्की कोठून आली, ते पाहण्यासाठी नॉर्वेला जाऊन यावे लागते. बर्फावरून पट्ट्यांवर चालण्याची युक्ती फार पुरातन. स्वीडनमध्ये पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची लाकडी स्की सापडली आहे. ती खेळासाठी नव्हती; शिकारीसाठी आणि शेजारच्या वस्तीवर जाण्यासाठी होती. तिचा खेळ केला तो टेलेमार्क प्रांतातल्या मोर्गेदाल गावच्या एका गरीब कुळाच्या पोराने. सोंद्रे नोरहाइम त्याचे नाव, जन्म १८२५. तोवर स्कीला फक्त पायाची बोटे अडकवत. सोंद्रेने पिळलेल्या बारीक डहाळ्यांचा बंद टाचेमागून घेतला, आणि माणूस उतारावर हवे तिकडे वळू लागला. तिकडच्या बोलीतला 'स्लालोम' हा शब्द आज जगभर आहे. त्याचा मूळ अर्थ एवढाच, की उतारावरची वाट. सोंद्रे स्वतः म्हातारपणी पोटासाठी अमेरिकेला गेला आणि १८९७ साली डाकोटाच्या मैदानात वारला. तेथे बर्फ पुष्कळ, पण उतार नाही. देवाची लीला.

नॉर्वेचे डोंगर तसे मवाळ. आल्प्सचे कडे पाहून ऑस्ट्रियाच्या मथियास त्स्दार्स्की याने आखूड स्की आणि वळणांची नवी रीत काढली. इंग्रज मागून आले; पण नियम करण्याची हौस त्यांचीच. स्वित्झर्लंडमधल्या म्यूरेन येथे १९२२ साली झेंड्यांच्या जोड्यांतून वळत जाण्याची आधुनिक स्लालोम शर्यत आखली, ती अर्नोल्ड लन या गृहस्थाने. हा लन जन्मला कोठे? मद्रासला! १८८८ साली, वडील तेथे मिशनरी डॉक्टर होते. घामाच्या धारा जेथे बारा महिने वाहतात, तेथे जन्मलेल्या माणसाने जगाला बर्फावर कसे घसरावे याचे नियम शिकवले. तेव्हा आम्हा पिंपळगावकरांनी बर्फाविषयी लिहिले, तर फारसे बिघडू नये.

लनची शर्यत होऊन पाच वर्षे होतात न होतात, तोच १९२७ साली गुलमर्गला 'स्की क्लब ऑफ इंडिया' निघाला. मेजर हॅडो आणि मेजर मेटकॉर्प या दोघा लष्करी अधिकाऱ्यांची नावे संस्थापक म्हणून सांगितली जातात. नाताळात आणि ईस्टरला क्लबाचे मेळे भरत. उन्हाळ्यातले फुलांचे कुरण पहिल्यांदाच हिवाळ्यातही जागे झाले. त्याच १९२७ साली संस्थानाने 'राज्याचा प्रजाजन कोण' हे ठरवणारा जाहीरनामा काढला. जमिनीचा मालक कोण, हा वाद कचेरीत चालू होता, आणि डोंगरावर साहेब मालक असल्यासारखे घसरत होते.

त्या काळी वर न्यायला कोणतेही यंत्र नव्हते. स्कीच्या तळाला सीलच्या कातड्याची पट्टी बांधायची, म्हणजे मागे घसरण होत नाही. आणि तास-दोन तास चढायचे. खाली यायला काही मिनिटे. यातला चढ फुकटचा नव्हता. साहेबाच्या शिदोऱ्या, कांबळी, लाकूडफाटा हे सारे वर नेणारे आसपासच्या गावचे लोक पायांत गवताची पुलहोरे घालून त्याच बर्फातून चढत. त्यांच्या पायांना स्की नव्हती, पण कोणत्या दिवशी कोणत्या बाजूने जाऊ नये, ते साहेब त्यांनाच विचारी. क्लबाच्या वहीत घसरणाऱ्यांची नावे राहिली. चढणाऱ्यांची राहिली नाहीत.

१९४७ च्या ऑक्टोबरात टोळीवाले काश्मिरात घुसले. त्या स्वारीचे गुप्त नावच 'ऑपरेशन गुलमर्ग' होते. बारामुल्ला जळले, गुलमर्ग लुटले गेले. २७ ऑक्टोबरला आपली फौज श्रीनगरला उतरली आणि नोव्हेंबरात तिने हा भाग परत घेतला. पण लढाई उंच डोंगरांत शिरली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. सपाटीवरचा उत्तम सैनिक बर्फात लहान मुलासारखा अडखळतो. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्या यांनी झोजी ला खिंडीत रणगाडे चढवून शत्रूला चकित केले. आणि त्याच वर्षी त्यांच्या १९ व्या डिव्हिजनने गुलमर्गला जवानांसाठी स्कीची शाळा काढली. खेळाचा उतार युद्धाच्या कामाला लागला. १९६२ साली तिचे नाव 'हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल' झाले. सातारा-कोल्हापूरकडचे, विदर्भातले, आमच्या मराठवाड्यातले किती जवान तेथे पहिल्यांदा बर्फ पाहून आले असतील! आपल्या पूर्वजांनी १७५८ मध्ये अटकेपार झेंडे लावले याचा आपल्याला अभिमान. पण बर्फात पाय रोवून उभे राहणे ही विद्या मराठी गड्याला मिळाली ती या कुरणात.

यातही एक धडा मेंढपाळानेच दिला. ५ ऑगस्ट १९६५ ची गोष्ट. गुलमर्ग-टंगमर्गच्या वरच्या कुरणात महंमद दीन नावाचा गुज्जर तरुण जनावरे चारीत होता. त्याला दोन अनोळखी हत्यारबंद माणसे भेटली. त्यांनी पैशांचे आमिष दाखवून काही माहिती विचारली. महंमद दीनने ओळखले, की ही माणसे या डोंगरातली नव्हेत. तो तडक टंगमर्गच्या पोलीस ठाण्यावर गेला. पाकिस्तानची मोठी घुसखोरी उघडकीस आली ती अशी. १९६६ साली त्याला पद्मश्री मिळाली. आणि १९९० साली अतिरेक्यांनी त्याला ठार मारले. गुलमर्गच्या कोणत्याही जाहिरातीत हे नाव नसते. मुलांना गुलमर्गचे फोटो दाखवताना मी मात्र ते सांगतो.

दरम्यान १९६० च्या सुमारास सरकारने ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ माट यांना बोलावले. हे १९३६ चे स्लालोमचे जगज्जेते. भारतात हिवाळी खेळांना योग्य जागा कोणती, असे त्यांना विचारले. हिमालयातल्या जागा पाहून त्यांनी बोट ठेवले गुलमर्गवर. का, ते आता सांगितले पाहिजे; कारण आमच्यासारख्याला डोंगर आणि बर्फ असला की झाले, असे वाटते. तसे नसते.

पहिली गोष्ट म्हणजे उताराच्या पायऱ्या. शिकाऊ माणसाला परकराच्या घोळासारखा पसरट उतार हवा. तो गुलमर्गच्या बशीच्या कडेला, गोल्फच्या मैदानाशेजारी आहे. थोडे शिकलेल्याला मध्यम उतार लागतो; तो वर कोंगडोरीच्या आसपास. आणि ज्याला जिवाची पर्वा थोडी कमी, त्याच्यासाठी अफरवटचा उघडा खांदा. युरोपात या पायऱ्यांना रंग देतात. हिरवा आणि निळा सोपा, तांबडा अवघड, काळा फार अवघड. अमेरिकेत काळ्याला चौकटचा आकार देतात, पत्त्यांतल्यासारखा. दुसरी गोष्ट उंची. कोंगडोरीच्या वर झाडेच नाहीत, म्हणून मोकळी घसरण मिळते. खाली आले की रान लागते, आणि झाडांमधून वळत जाण्याचा निराळाच खेळ. बर्फ भरपूर पडला, तर बाबा ऋषींच्या दर्ग्यापर्यंत किंवा थेट टंगमर्गपर्यंत घसरत जाता येते. म्हणजे ज्या चढणीवर मडमांच्या डांड्या चढल्या, त्याच चढणीवरून. तिसरी गोष्ट बर्फाची जात. येथला वरचा बर्फ कोरडा आणि हलका, हातात घेतला तर पिठीसाखरेसारखा सुटा. तज्ज्ञ लोक त्यासाठी अर्ध्या जगावरून येतात.

१९६८ मध्ये येथे हिवाळी खेळांचा सरकारी प्रकल्प आणि शिक्षकांसाठी प्रशिक्षणसंस्था सुरू झाली. ओढून नेणारे दोर आले, मग पाळणे आले. १९८० नंतर फ्रेंच कंपनीकडून मोठा रज्जुमार्ग करावयाचे ठरले. काम सुरू झाले, आणि काश्मीर पेटले. १९९० च्या दशकात पर्यटक नाहीत, हॉटेले ओस, आणि खांब अर्धवट उभे. अखेर गुलमर्ग ते कोंगडोरी हा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि तेथून अफरवटच्या खांद्यापर्यंतचा दुसरा टप्पा २००५ मध्ये चालू झाला. वरचे ठाणे जवळजवळ ३,९५० मीटर उंचीवर आहे. पूर्वी ज्याला अर्धा दिवस लागे, ते आता अर्ध्या तासात होते. जगातल्या फार थोड्या रज्जुमार्गांनी स्की करणारा एवढ्या उंचीवर जातो. उन्हाळ्यात याच पाळण्यात बसण्यासाठी आपली मराठी मंडळी पहाटेपासून रांगेत उभी असतात, आणि रांगेत डब्यातले लाडू-चिवडा निघतात, हे वेगळे सांगायला नकोच.

त्याच सुमारास गुलमर्गला दुसरी एक तऱ्हा दिसू लागली. दोन पट्ट्यांऐवजी एकच रुंद फळी, आणि तिच्यावर आडवे उभे राहून घसरणे. ही स्नोबोर्ड. तिचा जन्म मोठा घरगुती. १९६५ च्या नाताळात अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शर्मन पोपेन यांच्या मुली घरात धुडगूस घालीत होत्या. त्यांना बाहेर काढावे म्हणून बापाने दोन स्की एकत्र ठोकून फळी केली. मुलींना ती एवढी आवडली, की शेजारची मुले तशीच मागू लागली. तेहतीस वर्षांनी, १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये तो खेळ दाखल झाला. दिवाळीच्या सुटीत घरात धुडगूस घालणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पण यंत्राने माणूस वर गेला, म्हणून त्याला डोंगर कळला असे होत नाही. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार हिमलोटाला सर्वांत सोयीचे. त्याहून कमी असेल तर बर्फ धरून राहतो, फार जास्त असेल तर तो साचतच नाही, आपोआप गळून पडतो. आणि घसरायला गंमत येते नेमकी या मधल्या उतारावर! जुन्या थरावर नवा थर बसतो, वारा तो एका बाजूला लोटतो, वरून सारे गुळगुळीत दिसते. आणि एका माणसाच्या भाराने आख्खी चादर सुटते. ८ फेब्रुवारी २०१० रोजी लष्करी शाळेचे जवान शिक्षण घेत असताना खिलनमर्गच्या बाजूला हिमलोट आला आणि १७ जवान गेले. शत्रूची एकही गोळी सुटली नव्हती. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर पोलंडचे दोघे स्कीपटू दगावले, आणि पुढच्याच फेब्रुवारीत रशियाचा एक. आता रज्जुमार्गाच्या आसपासच्या उतारावर पहारेकरी पथक बर्फ तपासते आणि धोका असेल तर वाट बंद ठेवते. त्यापलीकडच्या घळींत जो जाईल, त्याने वाटाड्या घेऊनच जावे. वाटाडे अर्थात आसपासच्याच गावांतले असतात. एके काळी साहेबाची शिदोरी वाहिली, त्यांचे नातू-पणतू.

आता ऑलिंपिकविषयी. भारताच्या नावावर हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरला तो जेरेमी बुयाकोव्स्की, १९६४ साली इन्सब्रुकला. घराणे पोलंडचे. १९८८ मध्ये कॅल्गरीला तिघे गेले. त्यांत गुल मुस्तफा देव हे काश्मीरचे, आणि शैलजा कुमार ही हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय स्त्री. शैलजाचे वडील कर्नल नरेंद्र कुमार. १९६१ मध्ये नीलकंठ शिखरावर हिमदंशाने पायाची बोटे गमावलेला हा माणूस पुढे गुलमर्गच्या लष्करी शाळेचा प्रमुख झाला. १९७८ मध्ये त्याने सियाचिन हिमनदीवर मोहीम नेली, आणि शत्रूचा डोळा त्या बर्फावर आहे, हे सरकारच्या ध्यानी आणून दिले. १९८४ मध्ये आपली फौज सियाचिनवर चढली, तिच्यामागे ही पाहणी होती. एका घरात बापाने बर्फ वाचला देशाच्या सीमेसाठी आणि लेकीने तो वाचला शर्यतीसाठी. शैलजा स्लालोममध्ये अठ्ठाविसावी, म्हणजे पूर्ण करणाऱ्यांत शेवटची आली. शर्यत पूर्ण न करता आलेल्यांची संख्याही त्या दिवशी मोठी होती, हेही सांगितले पाहिजे.

आणि मग २०२२. बेजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान. राहणार टंगमर्गकडचा. वडिलांचे गुलमर्गला स्कीचे सामान आणि पर्यटनाचे दुकान. चार वर्षांचा असताना बापाने त्याला बर्फावर उभे केले. उद्घाटनाला तिरंगा त्यानेच धरला होता. मोठ्या स्लालोममध्ये तो पंचेचाळिसावा आला. पंचेचाळिसावा म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. ज्या वाटेवरून डांड्या आणि पेट्या चढल्या, त्या वाटेवरचा मुलगा पंचेचाळिसावा आला, असे मी वाचतो. क्लबाच्या वहीत ज्यांना जागा नव्हती, त्यांच्यातले एक नाव आता निकालपत्रात छापलेले आहे.

एवढे झाले, आणि बर्फच रुसू लागला आहे. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्ला-ए-कलान' म्हणतात, मोठी थंडी. मग वीस दिवसांची धाकटी, आणि दहा दिवसांची तान्ही. आपण मृग, आर्द्रा, पुनर्वसू मोजतो, तसे ते लोक हे चिल्ले मोजतात. थोरल्या चिल्ल्यातला बर्फ टिकाऊ. नंतरचा पडतो आणि वितळतो. २०२४ च्या जानेवारीत, ऐन थोरल्या चिल्ल्यात, गुलमर्गचे कुरण तपकिरी होते. स्लेजवाले, घोडेवाले, वाटाडे हातावर हात ठेवून बसले. फेब्रुवारीत बर्फ आला म्हणून राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा झाल्या. २०२५ मध्ये तर बर्फाअभावी त्या फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. मृगाची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावून बसलेला आमचा शेतकरी आणि डिसेंबरात अफरवटकडे पाहत बसलेला स्लेजवाला, यांची ओळख करून द्यायला पाहिजे. बोलायला त्यांना भाषा लागणार नाही.

खरे तर त्यांचे नाते ढगांनी आधीच जोडलेले आहे. गुलमर्गला बर्फ आणणारे वारे भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात. हवामानखाते त्यांना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणते. तेच विक्षोभ कधी कधी दक्षिणेकडे जास्त झुकतात, बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या ओल्या वाऱ्यांशी त्यांची गाठ पडते, आणि मग मराठवाड्यावर गारा कोसळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तेच झाले. उभी ज्वारी आडवी झाली, मोसंबीच्या बागा सोलल्यासारख्या झाल्या, गोठ्याबाहेरची जनावरे मेली. अफरवटवर ज्याची पिठीसाखर होते, तोच ऐवज आमच्या दारी दगड होऊन आला होता.

फौजी मुलाला हे सगळे मी फोनवर सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, गारांच्या त्या वर्षी मी सातवीत होतो. शाळेच्या पत्र्यावर गारा वाजत होत्या, आणि तुम्ही आम्हाला बाकाखाली बसवून असईची लढाई शिकवीत होता." मला ते आठवत नाही. पण तसे केले असेन.

यंदा तो सुटीवर येणार नाही. त्याची तुकडी हिवाळ्यासाठी वर चालली आहे. नातवाने मात्र त्याचा धडा घेतला आहे. किल्ला करण्यासाठी अंगणात मातीचा ढीग टाकला होता, त्यावर मावळे बसायच्या आधी तोच पत्र्याचा तुकडा घेऊन चढला आणि घसरत खाली आला. दुसऱ्यांदा चढताना थांबला, वरून इकडेतिकडे पाहिले आणि बाजू बदलली. पहिल्या बाजूला खाली तुळशीवृंदावन होते.